वैनीसाठी शिजवलेली केळी

आईच्या आतड्याचं ऑपरेशन परळच्या एका हॉस्पिटलात झालं, त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. ती तेव्हा सत्याहत्तर वर्षांची होती. अठराव्या दिवशी तिला घरी सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून काय द्यायचं, काय नाही ते सांगितलं. मऊ भात, वरणाचं पाणी, ताकाची निवळ आणि फळं. फळं कच्ची नाहीत, शिजवलेली. साल नको, बी नको, चोथा नको. मी दादरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. कागदावर दोन रकाने आखून मी ते सगळं लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी लग्न केलेलं नाही. आमचं घर दादरला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. आईचं माहेर गिरगावचं. माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे मासे म्हणजे जेवणाचा कणा. आषाढी-कार्तिकी आणि चार सणवार सोडले तर आमच्या ताटात मासा नाही असा दिवस क्वचित उजाडायचा. त्या आईला मी आता सफरचंद शिजवून देत होते.

कृती सोपी होती. सफरचंद सोलायचं, मधला भाग काढायचा, बारीक फोडी करायच्या, अर्धी वाटी पाणी आणि दोन लवंगा घालून झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. मग लवंगा काढून चमच्याने घोटायचं. साखर अगदी चिमूटभर. दुसऱ्या दिवशी नासपती, तिसऱ्या दिवशी पपई. आई पहिला घास घ्यायची, तोंडात घोळवायची आणि माझ्याकडे बघायची.

"कापूस शिजवलायस," ती म्हणायची.

चार चमचे झाले की मान फिरवायची. मी वाटीत उरलेलं मोजायचे आणि कागदावर लिहायचे. तिचं वजन उतरत होतं. मी चिडायचे. चिडून बोलायचे नाही, पण वाटी जरा आपटून ठेवायचे.

मासे घेऊन येणारी मावशी वरळी कोळीवाड्यातली. आईच्याच वयाच्या आसपासची, दोन-चार वर्षांनी लहान असेल. मी शाळेत जात होते तेव्हापासून ती बुधवारी आणि शुक्रवारी आमच्या दारात पाटी उतरवायची. आईला ती वैनी म्हणायची, मला बाय. आई तिच्याशी भावावरून भांडायची, माशाचे कल्ले उघडून बघायची, आणि सगळं झालं की दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून चहा प्यायच्या. मावशीच्या मुलीच्या बाळंतपणाला आईने गोधडी शिवून दिली होती. वडील गेले तेव्हा मावशी तेरा दिवस रोज येऊन गेली होती, पाटी न घेता.

आई घरी आल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मावशी आली, तेव्हा दारातूनच आईला माशाचा वास गेला आणि तिला उमळून आलं. मी मावशीला जिन्यापर्यंत नेऊन सगळं सांगितलं. ऑपरेशन, पथ्य, अजून काही महिने मासे नाहीत. मला वाटलं होतं, ती आता आमचा मजला सोडून देईल. पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा आली. पाटी तिने खाली वॉचमनपाशी ठेवली होती. हातात स्टीलचा लहान डबा, फडक्यात बांधलेला.

"राजेळी केळी शिजवून आनलीत वैनीसाठी," ती म्हणाली. "माझ्या माहेरून येतात, वसईहून. आमच्यात पोटाचं दुखनं झालं की हेच देतात. मी नाय आत येत. माझ्या लुगड्याला वास हाय, तिला परत उमळंल."

मी डबा घेतला, तिचे आभार मानले. ती गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले.

मी काय विचार केला ते मला नीट आठवतं. आईला हॉस्पिटलात एकदा ताप भरला होता आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने आमची झोप उडाली होती. पाणी कुठलं वापरलं असेल? हात कसे धुतले असतील? पहाटेपासून मासळी हाताळणारे ते हात. मुलांना वर्गात विज्ञान शिकवणारी मी. आई आतल्या खोलीत झोपली होती. मी डबा उघडून आत नीट बघितलंही नाही. काहीतरी पिवळसर, मऊ असं दिसलं. ओल्या कचऱ्याच्या डब्यात ते ओतलं, वर भाजीची देठं टाकली आणि स्टीलचा डबा दोनदा घासला.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट लिहायला हवी. त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी शिजवलेल्या जर्दाळूंची वाटी आणून दिली होती. ती मी आईला लगेच भरवली. त्यांच्याकडचं पाणी कुठलं, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

बुधवारी मावशी डबा न्यायला आली. रिकामा डबा परत करू नये म्हणून मी त्यात साखर घातली होती. तिने विचारलं, खाल्लं का वैनीने? मी म्हटलं, हो, आवडलं तिला. मला वाटलं, एवढ्यावर हे संपेल. मावशीचा चेहरा असा फुलला की मला तिथेच कळायला हवं होतं, हे संपणार नाही. शुक्रवारी दुसरा डबा आला.

नंतर दर आठवड्याला एक डबा यायचा, कधी दोन. जवळजवळ तीन महिने. मी प्रत्येक डबा ओतला. प्रत्येक वेळी साखर नाहीतर मूठभर तांदूळ घालून परत केला. आणि दर वेळी खोटं थोडं थोडं वाढत गेलं. आज पूर्ण वाटी संपवली. आज म्हणाली, सुंठ थोडी जास्त असती तरी चालली असती. सुंठ आहे हे मला मावशीच्याच बोलण्यातून कळलं होतं. मी चव न घेतलेल्या पदार्थाची चव तिला सांगत होते. तीही पुढच्या वेळी सुंठ जरा जास्त घालून आणायची आणि मला विचारायची, बरी झाली का आता?

दोघींची गाठ पडत नव्हती. आई आतल्या खोलीत असायची आणि मावशी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. एकदाच दोघी बोलल्या. दारातला आवाज ऐकून आईने आतून क्षीण आवाजात विचारलं, कोण आलंय?

"मी हाय, वैनी," मावशी बाहेरून म्हणाली. "खाल्लंस ना नीट?"

"खाल्लं गं," आई म्हणाली.

नुकताच तिने मऊ भात खाल्ला होता. मावशीने माझ्याकडे बघून मान हलवली. मी दार थोडं ओढून घेतलं.

आणि एक दुपार. डबा नुकताच आला होता आणि मी तो ओट्यावर उघडा ठेवून फोन घ्यायला गेले होते. परत आले तेव्हा आई आतून म्हणाली, केळं शिजवल्याचा वास येतोय. छान येतोय गं. आमच्या गिरगावच्या घरी मावशी यायच्या वसईहून, त्या करायच्या.

ही मावशी म्हणजे तिची सख्खी मावशी. मी म्हटलं, शेजारी काहीतरी करत असतील.

ती म्हणाली, "विचार ना त्यांना, थोडंसं देतील का."

मी म्हटलं, बघते. आणि डबा ओतून टाकला. त्या दिवशी मी तिला पपई दिली. तिने दोन चमचे खाल्ली. मी तिला केळं शिजवून देऊ शकत होते. तेवढंही मी केलं नाही. राजेळी मंडईत मिळतात का हे बघायला जायचं राहिलं, साधी वेलची केळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यावीत की नाही कळेना, आणि विचारायचं राहून गेलं. शाळेत परीक्षा होत्या. तिने पुन्हा मागितलं नाही.

ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात आईला पुन्हा दाखल करावं लागलं. ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, अन्नाचा काही दोष नाही, दुखणंच पसरलं होतं. माझ्या कागदावरचे दोन रकाने तंतोतंत पाळले गेले असते तरी काही फरक पडला नसता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मावशी आली. नेसूचं स्वच्छ हिरवं लुगडं, केसात फूल नाही. घरात पुण्याचे मामा, गिरगावच्या दोन मावसबहिणी, खालच्या बाई असे सगळे बसले होते. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा आत आली. आईच्या फोटोसमोर बसली, डोळे पुसले आणि मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "वैनी शेवटी माझ्या हातचं खाऊन गेली. तिला दुसरं काय जात नव्हतं. माझी केळी तेवढी जात होती."

एका मावसबहिणीने पुढे होऊन तिचा हात हातात घेतला. मामांनी मला विचारलं, खरंच का? मी म्हटलं, हो.

त्यानंतर ती सात-आठ वर्षं येत राहिली. मला एकटीला मासे लागायचे ते किती? पण ती तिसरा मजला चढायची. माझ्यासाठी गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, वेगळी काढून ठेवायची, पापलेट कापताना मधल्या तुकड्या मला द्यायची. इमारतीत नवी कोणी बाई राहायला आली की तिला सांगायची, हिच्या आईला शेवटी माझ्याच हातचं गेलं. मी शेजारी उभी असायचे. सुरुवातीला माझी मान खाली जायची. नंतर नंतर मी ते एखाद्या परक्या घरची गोष्ट ऐकावी तसं ऐकायला शिकले. माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात, त्यात हेही येतं.

मग कोविडचं वर्ष आलं. मावशीची पाटी बंद झाली ती झालीच. गुडघे गेले होते तिचे. तिची सून बाजारात बसायला लागली. मी मोबाइलवरून मासे मागवू लागले. साफ केलेले, पाकिटातले. मावशीला फोन करावा असं कितीदा मनात आलं आणि कितीदा टाळलं, याचा हिशेब नाही. मी निवृत्त झाले होते. वेळ नव्हता असं मला म्हणता येणार नाही.

गेल्या वर्षी माझंच पोट बिघडलं. जठराला सूज होती. गंभीर काही नव्हतं, पण तीन आठवडे काही टिकेना. डॉक्टरांनी जवळजवळ तेच सांगितलं, मऊ भात आणि शिजवलेली फळं. मी सफरचंद शिजवलं, दोन लवंगा घालून. पहिला घास घेतला आणि आईची आठवण झाली. तिचं म्हणणं बरोबर होतं. ते नुसतं ओलं आणि गोडसर होतं, त्यात जीव नव्हता. पाच दिवस मी ते खाल्लं. सहाव्या दिवशी गिळेना. मग बसले आणि मावशीच्या सुनेचा नंबर शोधून फोन केला. म्हटलं, मावशींना भेटायला येऊ का?

वरळी कोळीवाड्यात मी त्याआधी एकदाच गेले होते, मावशीच्या नातवाच्या हळदीला. घर शोधायला वेळ लागला नाही. नाव सांगितल्यावर एका मुलीने थेट दारात नेऊन सोडलं. मावशी ओटीवर पाय पसरून बसली होती, गुडघ्यांना तेल लावत. मला बघून तिने सुनेला हाक मारली आणि म्हणाली, वैनीची पोरगी आली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, किती वाळलीस गं बाय. मी पोटाचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, बस, तुझं औषध माझ्याकडं हाय.

वसईची केळी घरात होती, सालं काळी पडलेली, खूप पिकलेली. तिने सुनेला करू दिलं नाही. स्वतः भिंतीला धरून उठली, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले आणि स्टुलावर बसून केलं. मी शेजारी उभी राहून बघितलं. केळ्याचे सालीसकट दोन तुकडे केले आणि वाफवायला ठेवले. साल फुटायला लागली तशी ती सोलून टाकली. मग प्रत्येक तुकडा उभा चिरून मधली काळ्या बियांची शीर सुरीच्या टोकाने अलगद काढली.

मी विचारलं, ही कशाला काढता?

"पोट नाजूक असलं तर बी नको," ती म्हणाली. "वैनीच्या डब्यातही मी एक बी ठेवली नव्हती."

साल नको, बी नको, चोथा नको. तिने तो कागद कधी पाहिला नव्हता. मग गुळाच्या पाण्यात केळी घोटली, चिमूटभर सुंठ, चवीला मिठाचा कण, वरून चमचाभर तूप. पातेल्यातून वाफ यायला लागली तसा तो वास सगळ्या घरात भरला.

मी ओटीवर बसून खाल्लं. मऊ होतं, कोमट, सुंठीची थोडी चुणचुण, गूळ अगदी मागे. पोटात कुठे टोचलं नाही, ढवळलं नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी वाटी संपवली. तोवर शेजारची एक बाई येऊन बसली होती. मावशीने तिला सांगायला सुरुवात केली, हिची आई, दादरची वैनी, शेवटी शेवटी तिला काय जात नव्हतं...

मी म्हटलं, मावशी, थांबा.

शेजारच्या बाईसमोर मला बोलता आलं नाही. ती उठून जाईपर्यंत थांबले. मग सांगितलं. सरळ सांगितलं. पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत. मला आईला काही होईल अशी भीती वाटली होती, असं म्हणाले. हातांबद्दल आणि पाण्याबद्दल माझ्या मनात काय आलं होतं, तेही सांगितलं. अर्धवट सांगायचं नाही, असं मी बसमध्येच ठरवलं होतं. म्हणजे सांगायचं हे ठरवूनच मी आले होते, पोट हे निमित्त होतं का, असं मला आता वाटतं.

मावशीने तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"एकदा पन नाय?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग वैनी आतून बोलली ती? खाल्लं म्हनून?"

"ती भाताबद्दल म्हणाली, मावशी. तिला डब्याचं माहीतच नव्हतं."

ती समोरच्या गल्लीकडे बघत राहिली. एक माणूस जाळं खांद्यावर टाकून गेला, त्याने तिला काहीतरी विचारलं, तिने मानेनेच उत्तर दिलं. मला वाटत होतं, ती ओरडेल, नाहीतर रडेल, नाहीतर म्हणेल की जाऊ दे गं, झालं ते झालं. यातल्या कशालाही मी तयार होते.

"इतकी वर्षं नाय सांगितलंस," ती शेवटी म्हणाली. "मंग आता कशाला सांगितलंस?"

माझ्याकडे एकच उत्तर होतं, की मला हलकं व्हायचं होतं. ते तिच्यासमोर म्हणायची हिंमत झाली नाही.

तिने माझ्यापुढची रिकामी वाटी उचलली. मी म्हटलं, द्या, मी धुते. तिने दिली नाही. भिंतीला धरत आत गेली. नळाचा आवाज येत राहिला, एका वाटीला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ. सून बाहेर आली आणि अवघडून म्हणाली, आईंना आता पडायचंय.

माझं पोट आठवड्याभरात बरं झालं. मी घरी केळी शिजवत राहिले, तिने दाखवलं तशी, बियांची शीर काढून. दर वेळी पातेलं उतरवताना वाटायचं, हे पंधरा मिनिटांचं काम होतं. आईसाठी पंधरा मिनिटं. आणि मावशीसाठी तर काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, जसं मी दहा वर्षं राहिले होते. जेव्हा बोलायचं होतं तेव्हा मी खोटं बोलले आणि जेव्हा खरं कोणाच्याच उपयोगाचं उरलं नाही, तेव्हा ते नेऊन तिच्या ओटीवर ठेवलं. तिच्याकडे आईची तेवढीच एक गोष्ट होती. ती मी काढून घेतली.

दिवाळीत मी पुन्हा गेले. फराळ नेला होता, गुडघ्यांसाठी पट्टे नेले होते. मावशी खुर्चीवर बसली होती. तिने सुनेला चहा करायला सांगितलं. चहा बशीसकट आला, घरातल्या चांगल्या कपात. मावशीने माझ्या तब्येतीची चौकशी केली, शाळेची पेन्शन वेळेवर येते का ते विचारलं. शेजारची ती बाई ओटीवर येऊन बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ही तीच ना, जिची आई तुमच्या हातचं...

मावशी म्हणाली, नाय, ती वेगळी.

मी उठले तेव्हा तीही उठायला लागली. मी नको म्हटलं, तरी दारापर्यंत आली.

"सांभाळून जा, मॅडम," ती म्हणाली. "बस लवकर मिळंल तुम्हाला."